फिरत नाही की निघत नाही?

(हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेच्या समारोपप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेचे शेवटचे पुष्प गुंफण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी मराठी भाषेवर किंवा वाङ्मयावर बोलेन, अशी अनेकांची समजूत झाली. ती स्वाभाविकच होती. तीस वर्षे मी या शाळेत मराठी शिकवीत आले आहे. परंतु मी आज बोलणार आहे ते आपल्या शाळेच्या जुन्या व्हॅनच्या मागच्या दोन चाकांविषयी. विषय ऐकून समोर हसू उमटले, ते मी पाहिले. माझी विनंती एवढीच की, पाच-दहा मिनिटे धीर धरावा. भाषेचा विषय वाटेत येणारच आहे.

आपल्यापैकी पुष्कळांनी या व्हॅनमधून प्रवास केला आहे. १९९६ साली माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून ती घेतली. बडोदे शहर तेव्हा चहूबाजूंनी वाढू लागले होते. वाड्यांतली मराठी कुटुंबे जुन्या वस्तीतून उठून लांबच्या सोसायट्यांत राहायला जाऊ लागली होती. घर लांब गेले तरी मुलाची शाळा सुटू नये, एवढ्याचसाठी ती मारुती व्हॅन आली. आपले चालक मामा (ते आज पहिल्या रांगेत बसले आहेत) रोज दोन फेऱ्या करीत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि गाडी फाटकाजवळच्या उतारावर उभी राहिली. त्या दिवशी मामा मला म्हणाले होते, "बाई, गिअरमध्ये ठेवतो आणि चाकांना ठोकळे लावतो. हँडब्रेक नको." मी म्हटले, "उतार आहे, मुले खेळतात, ब्रेक चांगला घट्ट ओढून ठेवा." मुख्याध्यापिकेचा हुकूम होता. मामांनी तो पाळला. तो ब्रेक त्यानंतर पाच वर्षे कोणीही सोडला नाही.

पाच पावसाळे त्या गाडीवरून गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा आपल्या आवाराच्या खालच्या भागात पाणी शिरले आणि गाडीची चाके निम्म्याहून अधिक बुडाली. पाणी ओसरले, गाळ राहिला. हीरकमहोत्सवासाठी आवार स्वच्छ करायचे ठरले, तेव्हा एका भंगारवाल्याला बोलावले. त्याने गाडी ढकलून पाहिली. ती तसूभरही हलली नाही. "मागची चाके जाम आहेत, इथेच कापून तुकड्यांनी न्यावी लागेल," असे तो म्हणाला. मी कागदावर सही करण्याच्या बेतात होते. मामा त्या वेळी निवृत्तिवेतनाच्या कामासाठी कार्यालयात आले होते. ते एवढेच म्हणाले, "बाई, तिला तिच्या चाकांवर जाऊ द्या."

म्हणून मे महिन्याच्या सुटीत सकाळी सातच्या सुमारास आपल्याच गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेले उस्ताद आले. नववी-दहावीची चौदा मुले-मुली, विज्ञानाच्या बाई, मामा आणि मी, असा आमचा वर्ग भरला. उन्हे तापायच्या आत, दहापर्यंत काम थांबवायचे, असा नियम ठरला.

उस्तादांनी हातात हातोडा घेतला नाही. त्यांनी आधी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावले, गिअर न्यूट्रलला आणला, हँडब्रेकची मूठ खाली सोडली, जॅकने गाडीचा मागचा भाग उचलला आणि आसाखाली दोन लोखंडी घोड्या ठेवल्या. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, हे त्यांनी मुलांकडून दोनदा म्हणवून घेतले. मग चाके काढली, मागे सरकले आणि मला विचारले, "बेन, फिरत नाही की निघत नाही?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटले, "जाम आहे." ते म्हणाले, जाम हा एक शब्द आहे, आजार दोन आहेत. चाक फिरत नसेल, तर आतल्या शूंनी ड्रमला धरून ठेवले आहे. चाक फिरते पण ड्रम बाहेर निघत नसेल, तर शूंनी सोडले आहे आणि ड्रम दुसऱ्याच ठिकाणी अडकला आहे. दोन्हींवर उपाय वेगळे. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर ड्रम फुटतो.

येथे ड्रमब्रेकची रचना थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचे समजेल. चाकाच्या आत ओतीव लोखंडाचा, परातीसारखा पोकळ ड्रम असतो आणि तो चाकाबरोबर फिरतो. त्याच्या पोटात अर्धचंद्राकृती दोन शू असतात. ते फिरत नाहीत. मागच्या स्थिर पत्र्याला, म्हणजे बॅक प्लेटला, ते खिळ्यांनी आणि स्प्रिंगांनी धरलेले असतात. पायाने ब्रेक दाबला की ब्रेक ऑइलचा दाब व्हील सिलिंडरमध्ये येतो, त्यातले दट्टे शूंना बाहेर रेटतात, शूंवरचे लायनर ड्रमच्या आतल्या भिंतीला घासते आणि गतीचे रूपांतर उष्णतेत होते. हँडब्रेक हेच काम तेलाऐवजी केबलने करतो. म्हणजे हँडब्रेक ओढून ठेवलेली गाडी ही शू ड्रमला चिकटवून ठेवलेली गाडी असते. मध्ये ओल गेली की ओतीव लोखंडाला गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. जिथे आधीच फट नाही, तिथे तो पाचरीसारखा बसतो.

आमच्या गाडीची गंमत अशी की दोन चाकांना दोन वेगवेगळे आजार होते.

उजवे चाक खरखरत का होईना, हाताने फिरत होते. त्याचा ड्रम मात्र निघेना. उस्तादांनी मुलांना दाखवले की, ड्रमच्या मधल्या भोकात आसाचे तोंड जिथे बसते, तिथे गंजाचे कडे तयार झाले आहे. शिवाय वर्षानुवर्षांच्या घर्षणाने ड्रमची आतली भिंत झिजते, पण कडेला न झिजलेला काठ उरतो. ड्रम बाहेर ओढताना शू त्या काठाला अडतात. त्यांनी मधल्या कड्यावर गंज सोडवणारे पातळ तेल सोडले आणि त्या दिवसाचे काम संपवले. मुले हिरमुसली. उस्ताद म्हणाले, "उतावळ ना करशो." तेलाला आत झिरपायला रात्र लागते. ते काम आपण हातोड्याने करू लागलो, तर तेलाचे काम होत नाही आणि हातोड्याचेही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बॅक प्लेटवरचे रबरी बूच काढून पेचकसाने आतली हँडब्रेकची तरफ ढकलली. शू थोडे आत आले, काठाची अडचण गेली. मग ड्रमच्या तोंडावर, चाकाचे बोल्ट असतात त्यांच्या मधल्या जाड भागावर, लहान हातोड्याने गोल फिरत ठोके दिले. काठावर नाही, कारण ओतीव लोखंड ठिसूळ असते, काठावरचा ठोका ड्रमचा तुकडा पाडतो. ड्रमच्या तोंडावर दोन आटे असलेली भोके असतात. मुलांना वाटले, ती रिकामीच ठेवलेली आहेत. ती खास याच कामासाठी असतात. त्यांत आठ मिलिमीटरचे दोन बोल्ट बसवले आणि एकदा हा, एकदा तो, असे पाव-पाव आट्याने आवळत नेले. एकच बोल्ट आवळत राहिले तर ड्रम तिरका होऊन अधिकच घट्ट बसतो. शेवटचे आटे मुलांनी पाळीपाळीने दिले. 'टक्' असा आवाज झाला आणि ड्रम सुटला. टाळ्या झाल्या, हे सांगायला नकोच.

डावे चाक मात्र हलतच नव्हते. मूठ खाली सोडली होती, पण बॅक प्लेटमागची केबल अजून ताणलेलीच होती, म्हणजे केबल आपल्या आवरणातच गंजून बसली होती. ती बदलावीच लागणार होती, म्हणून उस्तादांनी ती मागून कापली. तरीही चाक फिरेना. मग त्यांनी व्हील सिलिंडरची निपल सैल केली, की अडकून राहिलेला तेलाचा दाब असेल तर निघून जावा. काळपट चार थेंब आले. चाक हलले नाही. तेल, ठोके, पहारीने पुढेमागे हिंदकळणे, सगळे दोन दिवस चालले. एका मुलाने विचारले, "गॅसच्या ज्योतीने तापवले तर?" उस्ताद म्हणाले, तापवता येते, पण आत रबराच्या वाट्या आहेत, ब्रेक ऑइल आहे, आसाचे ग्रीस आहे, आणि ही सगळी जळणारी माणसे आहेत. 'माणसे' हा त्यांचाच शब्द.

शेवटी त्यांनी पुढून प्रयत्न करणे सोडले आणि ते गाडीखाली सरकले. शूंना बॅक प्लेटशी धरून ठेवणारे दोन बारीक खिळे असतात, त्यांची डोकी मागच्या बाजूला दिसतात. छिन्नीने ती डोकी उडवली. आता शू ड्रमला कितीही चिकटलेले असोत, गाडीला धरलेले नव्हते. मग पुन्हा ते दोन बोल्ट, पुन्हा पाव-पाव आटा. ड्रम आला, पण एकटा नाही, पोटात दोन्ही शू आणि स्प्रिंगा घेऊनच आला.

ड्रम उघडण्यापूर्वी उस्तादांनी मुलांना वीस पावले मागे पाठवले होते. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस वापरीत आणि त्याची धूळ श्वासाबरोबर फुप्फुसांत गेली तर घातक ठरते. आपल्या गाडीत ते आहे की नाही, हे पाहून ओळखता येत नाही. म्हणून आहे असेच धरून चालायचे. फुंकर मारायची नाही, हवेचा झोत मारायचा नाही, झाडू फिरवायचा नाही. तोंडावर मुखपट्टी बांधून त्यांनी सगळे पाण्याने भिजवले, ओल्या फडक्याने पुसले आणि ते फडके पिशवीत बंद केले. मग मुले जवळ आली. डाव्या बाजूच्या एका शूचे लायनर शूपासून सुटून ड्रमच्या भिंतीला तसेच चिकटून राहिले होते. सिलिंडरचे दट्टे गंजून बसले होते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते, म्हणून ते वेळोवेळी बदलायचे असते. आम्ही पाच वर्षे बदलले नव्हते.

मुलांना मी पाहिलेले सारे मराठीत लिहायला सांगितले होते. अट एकच: वस्तूचे नाव गॅरेजात जे असेल तेच लिहायचे, क्रियापद मात्र स्वतः शोधायचे. त्या चौदा वह्यांत मला अडकणे, चिकटणे, रुतणे, धरणे, आवळणे, बसणे, आखडणे अशी क्रियापदे सापडली, आणि बहुतेक ठिकाणी ती अचूक होती. केबल 'आखडली' होती, लायनर 'चिकटले' होते, ड्रम काठाला 'अडला' होता. एका मुलीने लिहिले होते: 'ब्रेकने ड्रमला पाच वर्षे सोडले नाही, म्हणून दोघेही गंजले.' मी त्या वाक्याखाली लाल शाईने काहीही लिहिले नाही.

याच शहरात महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले. त्याच्या उभारणीत पुढाकार घेणारे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता की, यंत्रविद्या आणि उद्योगाचे शिक्षण लोकांच्या भाषेत मिळावे. १९०६ मध्ये महाराजांनी संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मातृभाषेत हात काळे करता येतात आणि नेमका विचारही करता येतो, ही या नगरीची जुनीच शिकवण आहे. त्या चौदा वह्यांनी मला तिची आठवण करून दिली.

आता मला जे सांगायचे आहे, ते सांगते. ते सांगणे मला सोपे नाही.

गाडी बंद झाल्यावर शहराच्या त्या टोकाकडून येणारी सात मुले आपली शाळा सोडून गेली. शाळा पुन्हा भरू लागल्या, तेव्हा मी संस्थेला अहवाल लिहिला. पटसंख्या का घटली, या रकान्यात मी लिहिले: 'पालकांचा इंग्रजी माध्यमाकडे कल.' ते वाक्य आपण सर्वच मराठी शाळा लिहितो. ते पुष्कळदा खरेही असते. त्यामुळे ते लिहिताना माझा हात अडखळला नाही. विश्वस्तांनी ते वाचले, मान हलवली, आणि विषय संपला.

उस्तादांनी मला विचारलेला प्रश्न मी त्या अहवालात स्वतःला विचारला नव्हता. फिरत नाही की निघत नाही? मुले येईनाशी झाली, ती मराठी नको म्हणून, की येता येत नाही म्हणून? मी 'जाम' हा एकच शब्द लिहून मोकळी झाले होते.

जूनमध्ये शाळा सुरू होण्यापूर्वी मामांना बरोबर घेऊन मी त्या सातही घरी गेले. तीन घरांत खरोखरच माध्यम बदलण्याचा निर्णय झालेला होता. तो विचारपूर्वक होता, आणि त्याचा मी आदर करते. उरलेल्या चार घरांत कोणालाही मराठी नकोशी झालेली नव्हती. आई-वडील दोघेही कामावर जाणारे, रिक्षाचे भाडे परवडणारे नाही, बस दोनदा बदलावी लागते. एका आजींनी मला विचारले, "बाई, गाडी बंद झाली, त्यानंतर शाळेतून कोणी विचारायलाही आले नाही. आम्हांला वाटले, तुम्हांलाच नको असतील एवढ्या लांबची मुले." मी त्यांना काय उत्तर देणार? मी पाच वर्षे ब्रेक ओढून ठेवला होता आणि गाडी जागची हलत नाही, याचा दोष रस्त्याला देत होते.

या वर्षीच्या सत्रापासून त्या मार्गावर आपण भाड्याची गाडी सुरू केली आहे. चारपैकी दोन मुले परत आली. उरलेली दोघे आता नव्या शाळेत रुळली आहेत. त्यांना पुन्हा उपटून आणणे योग्य नव्हे, असे आम्हां सर्वांना वाटले. त्या आजींच्या धाकट्या नातीने मात्र आपल्या बालवर्गात प्रवेश घेतला आहे.

जुन्या व्हॅनचे काय झाले, हे अनेकांनी विचारले. उस्तादांनी नवे शू, नवे व्हील सिलिंडर, नवी केबल बसवली. ही कामे दोन्ही चाकांना एकदमच करावीत, नाही तर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढली जाते. उजवा ड्रम लेथवर घासून घेतला. डावा फार खोल गंजला होता. ड्रमवर त्याचा कमाल व्यास कोरलेला असतो, तो ओलांडला की ड्रम बाद. म्हणून तो बदलला. नवे तेल भरून, नळ्यांतली हवा काढून, आवारातल्या आवारात गाडी चालवून आणि थांबवून पाहिली. तरीही त्यांनी मला स्पष्ट सांगितले की, एवढी जुनी आणि पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी मुलांना ने-आण करण्यासाठी वापरायची नाही. मी त्यांचे ऐकले आहे. ती गाडी आता विज्ञान विभागाच्या पडवीत आहे, मुलांना उघडून पाहण्यासाठी, पुन्हा जोडण्यासाठी. तिथपर्यंत ती स्वतःच्या चाकांवर गेली आणि सुकाणूवर मामा होते. तिचा हँडब्रेक सोडलेला आहे. पुढे-मागे ठोकळे लावले आहेत. बाद झालेला डावा ड्रम, त्याला चिकटलेल्या लायनरसह, स्वच्छ धुऊन, लाखेचा हात देऊन काचेच्या पेटीत ठेवला आहे. समारंभानंतर आपण तो अवश्य पाहावा.

माझ्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे: एखादे मूल अडले, तर 'कच्चे आहे' हा शब्द लिहिण्यापूर्वी ते नेमके कुठे अडले आहे, हे पाहा. वाचता येत नाही, की वाचलेले कळत नाही? कळते, पण सांगता येत नाही? सांगता येते, पण विचारल्याशिवाय सांगत नाही? उपाय प्रत्येकाचे वेगळे आहेत, आणि जोरात ठोका देणे हा त्यांपैकी एकाचाही नाही.

माजी विद्यार्थ्यांनो, १९९६ साली आपण गाडी दिली होती. आज मी गाडी मागत नाही. शहराच्या आणखी दोन टोकांकडून मुले येऊ इच्छितात. त्या दोन मार्गांचा एक वर्षाचा खर्च आपण उचलावा, अशी माझी प्रार्थना आहे. त्याचा हिशेब कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लावला आहे.

मामांनी मला पाच वर्षांपूर्वी योग्य सल्ला दिला होता, तो मी मानला नाही. ही चूक मी या व्यासपीठावरून, सर्वांसमक्ष मान्य करते आणि त्यांचे आभार मानते.